पूर येतो हिवाळ्यात

ताडोबाला कधी जायचं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मे महिना, अंगाची लाही, जंगलातले ओढे आटलेले. उरल्यासुरल्या पाणवठ्यापाशी जिप्सी लावून गप्प बसायचं, वाघ पाण्यावर येतोच. पाणी जितकं कमी, तितके प्राणी एका जागी. हा हिशेब इतका अंगवळणी पडलेला असतो की आफ्रिकेची सफारी आखतानाही माणूस तोच लावतो. कोरडा मोसम कोणता ते शोधायचं आणि त्याच्या शेवटाची तारीख धरायची.

बोत्स्वानाच्या वायव्येला, कलहारीच्या वाळूत पसरलेल्या ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात मात्र हा हिशेब अडखळतो. तिथे पाऊस नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. पुढचे सहा महिने आभाळ कोरं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे जून-जुलै हा तिथला हिवाळा, आणि तोही ठणठणीत कोरडा. पण पूर येतो तो नेमका याच दिवसांत. माउन गावालगतच्या थामालाकाने नदीचं पात्र कोरडं पडलेलं असेल, तर थंडीतल्या एखाद्या दिवशी त्यात पाण्याची कड दिसू लागते आणि वाळू भिजवत अगदी सावकाश पुढे सरकते. ती बघायला गावकरी काठावर जमतात. उलट जानेवारीत, डोक्यावर पाऊस पडत असताना, त्रिभुज प्रदेशातलं पाणी वर्षातल्या तळाला गेलेलं असतं.

हे कोडं नुसतं भूगोलाच्या पुस्तकातलं नाही. इथलं मोरेमी अभयारण्य बघायला जायचं असेल, तर तारीख, वाहन, बॅगेचा आकार, मुक्कामाच्या रात्री यातलं जवळपास सगळं त्या पाण्यावर ठरतं. माहितीपत्रकातले फोटो बघून तारीख धरणारे फसतात ते इथेच. नोव्हेंबरात जाऊन होडी मागतात, जुलैत जाऊन सगळे रस्ते कोरडे असतील असं समजतात.

## पाऊस पडतो अंगोलात

महाबळेश्वरात आणि कोयनेच्या खोऱ्यात पाऊस कोसळला की सांगलीत कृष्णेचे घाट बुडतात. मग त्या दिवशी सांगलीत लख्ख ऊन असलं तरी. ओकावांगोचंही तसंच आहे. फरक दोन. कृष्णेच्या पुराला सांगली गाठायला दोन-तीन दिवस पुरतात, ओकावांगोच्या पुराला महिने लागतात. आणि कृष्णा अखेर बंगालच्या उपसागराला मिळते, ओकावांगो कुठल्याच समुद्राला मिळत नाही. ती वाळवंटात शिरते आणि तिथेच संपते.

तिचा उगम अंगोलाच्या मध्यभागातल्या पठारावर आहे. तिथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खुद्द त्रिभुज प्रदेशात त्याच्या निम्माही नाही. पठारावरून दोन मोठ्या नद्या निघतात. पश्चिमेची कुबांगो खडकाळ उतारांवरून येते, त्यामुळे पाऊस झाला की तिचं पाणी लवकर वाढतं. पूर्वेची कुइटो वाळूच्या आणि दलदलीच्या प्रदेशातून येते. तिच्या खोऱ्यातला पाऊस आधी जमिनीत मुरतो आणि मग महिनोन्‌महिने झिरपत राहतो. कुबांगो पुराला उंची देते, कुइटो लांबी. नामिबियाच्या सीमेवर दोघी एकत्र होतात, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडतात आणि मोहेंबो या ठिकाणी बोत्स्वानात शिरतात. तोवर बहुधा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो. म्हणजे इथला पाऊस संपता संपता तिथलं पाणी दारात येतं.

## दिवसाला दोन किलोमीटर

मोहेंबोपासून माउनपर्यंत अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. पुराचा माथा ते कापायला सुमारे चार महिने घेतो. भागाकार केला तर दिवसाला दोन किलोमीटर. इतका आळस कशामुळे?

पहिलं कारण, उतारच नाही. अडीचशे किलोमीटरमध्ये जमीन साठ-सत्तर मीटर काय ती उतरते; चार किलोमीटर चालावं तेव्हा जेमतेम एक मीटर. दुसरं, नदीला एका पात्रात राहायला जागाच मिळत नाही. सुरुवातीच्या पट्ट्यात दोन समांतर भ्रंशांनी, म्हणजे जमिनीच्या कवचाला पडलेल्या भेगांनी, तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलेलं असतं. ती पकड सुटली की पाणी चहूकडे पसरतं आणि पपायरस, लव्हाळी, देवनळ यांच्या दाट गर्दीतून वाट काढत राहतं. तिसरं कारण प्रवाशाला दिसत नाही, पण सर्वांत महत्त्वाचं तेच. खालची वाळू तहानलेली असते. पुराची कड पुढे सरकायच्या आधी तिच्या पायाखालची वाळू भरावी लागते. आदलं वर्ष कोरडं गेलं असेल तर ती जास्त पाणी पिते आणि पूर आणखी उशिरा, आणखी कमी पोचतो.

शेवटी माउनजवळ पुन्हा भ्रंश आडवे येतात. पूर्व आफ्रिकेत ज्या महाखचदरीनं एवढी सरोवरं घडवली, तिचंच हे नैर्ऋत्येकडचं शेपूट. पाणी त्या बांधाला अडतं आणि वळून त्याच्या कडेकडेनं वाहू लागतं. तीच थामालाकाने नदी.

वर्षाला साधारण दहा अब्ज घनमीटर पाणी इथे येतं. कोयना धरण काठोकाठ भरलं तर १०५ टीएमसी मावतं, म्हणजे तीन कोयनांहून अधिक पाणी. त्यातले शंभरातले दोनच्या आसपास भाग माउनपाशी बाहेर पडतात. थोडं भूगर्भात जातं. बाकी सगळं आभाळात: काही उन्हानं उडून, बरंचसं झाडापानांच्या श्वासातून.

## मग हे पाणी खारट का नाही?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मला तो पुराच्या कोड्याइतकाच आवडतो. नदीबरोबर विरघळलेले क्षार दरवर्षी लाखो टनांनी येतात. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. मग एव्हाना ओकावांगोचं मिठागर व्हायला हवं होतं. आग्नेयेला मकगाडिकगाडीची अफाट खारट मैदानं आहेत, तशी. पण ओकावांगोचं पाणी गोडं आहे.

उत्तर बेटांत आहे. त्रिभुज प्रदेशात लहानमोठी हजारो बेटं आहेत आणि त्यांतल्या कितीतरी बेटांचा पाया वाळवीनं घातलेला आहे. सपाट पूरमैदानात वारूळ पाण्यावर डोकं काढून राहतं. त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून उंबराच्या जातीच्या, ताडाच्या जातीच्या बिया पडतात, झाडं वाढतात. ही झाडं मुळांनी बेटाखालचं पाणी ओढून घेतात, त्यामुळे भोवतालचं पाणी सतत बेटाच्या पोटाकडे सरकतं. झाडं पाणी घेतात आणि क्षार मागे सोडतात. वर्षानुवर्षं हे चाललं की बेटाच्या मध्याखालचं भूजल इतकं खारट होतं की तिथे झाड जगत नाही. म्हणून मोठ्या बेटाचा काठ हिरवागार आणि मधोमध पांढरट, उजाड, फार तर कुठे कुठे ताडासारखी झाडं. क्षार तिथे कोंडले जातात, वाहतं पाणी गोडं राहतं.

सफारीशी याचा संबंध सरळ आहे. सावली काठावर, म्हणून कॅम्पही काठावर. दुपारी हत्तीही तिथेच, बिबट्याही तिथल्याच एखाद्या झाडावर. जाणता गाईड बेटाच्या मधल्या पांढऱ्या मोकळ्या जागेत फार वेळ घालवत नाही. तो कडेकडेनं गाडी फिरवतो.

पाण्याच्या वाटा उघड्या ठेवायचं काम पाणघोडे करतात. रोज रात्री चरायला बाहेर पडताना आणि परतताना ते त्याच त्या वाटेनं लव्हाळी तुडवतात आणि त्या वाटांतून पाणी धावू लागतं. जुने प्रवाह वाळूनं भरून बंद पडतात, नवे उघडतात. त्यामुळे इथला नकाशा कायमचा नसतो. शेजारच्या सावुती भागातला प्रवाह १९८२ मध्ये आटला आणि जवळपास तीन दशकांनी पुन्हा वाहू लागला. मधल्या काळात त्याच्या पात्रात उगवलेली झाडं पाण्यात उभी वाळून गेली.

## प्राणी कधी, कुठे

पावसाळ्यात भोवतालच्या मोपाने झाडांच्या रानात जागोजागी डबकी भरलेली असतात. हत्तींना आणि आफ्रिकी रानम्हशींना नदीची गरज उरत नाही, ते दूरवर पांगतात. बोत्स्वानात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत, जगात कुठल्याही देशात नाहीत इतके. तरीही फेब्रुवारीत मोरेमीत दिवसभर फिरून एखाददुसराच कळप दिसू शकतो. मे-जूनमध्ये डबकी आटली की ते सगळे नदीकडे वळतात. आणि नेमक्या त्याच वेळी अंगोलाचं पाणी येऊन पोचतं.

इथे ताडोबाचा हिशेब अर्धा बरोबर ठरतो. भोवताली पाणी नाही, म्हणून प्राणी एकत्र येतात. पण ते आटलेल्या डबक्याभोवती नाही, तर वाढत्या पाण्याच्या काठाला. कोरड्या दिवसांत पूरमैदानावर कोवळं गवत फुटतं, सुकलेलं शेण आणि पालापाचोळा पाण्यात कुजून त्यातले पोषक घटक मोकळे होतात, उथळ पाण्यात माशांची पिलावळ वाढते. बाकी कलहारी वाळलेली असताना इथे चारा आहे. या पाण्यावर जगणारं खास हरीण म्हणजे लाल लेचवे. त्याचे खूर लांब, मागचे पाय उंच. घोट्याएवढ्या पाण्यातून ते उड्या मारत पळतं, आणि तिथे सिंहाचा वेग कमी पडतो.

रानकुत्र्यांसाठी जाणाऱ्यांनी जून ते ऑगस्ट धरावा. एरवी त्यांची टोळी एका दिवसात कुठल्या कुठे जाते. या महिन्यांत बिळात पिलं असतात, म्हणून टोळी रोज एकाच जागी परतते. सप्टेंबरात पाणी ओसरू लागतं, ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो आणि उरलेल्या पाण्यावर प्राण्यांची झुंबड उडते. मोरेमीतल्या काकानाका भागात याच सुमारास करकोचे आणि बगळे पाण्यातल्या झुडपांवर मोठ्या संख्येनं घरटी करतात. शिकार बघायची असेल, घाम आणि धूळ चालत असेल, तर ऑक्टोबर. पाण्यावरून फिरायचं असेल तर जुलै-ऑगस्ट. दोन्ही एका सहलीत मिळवायच्या नादाला लागू नये. फार तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा ही तडजोड आहे, आणि मला विचाराल तर चांगली तडजोड आहे.

चौकट: महिना आणि पाणी

*डिसेंबर ते मार्च:* डोक्यावर पाऊस, पात्रात पाणी कमी. प्राणी पांगलेले, पक्षी भरपूर, हरणांची पिलं. रस्त्यांवर चिखल, डास जास्त, दर सगळ्यांत कमी.
*एप्रिल-मे:* पाऊस थांबलेला, पूर उत्तरेकडून शिरू लागलेला. हवा सुखद.
*जून ते ऑगस्ट:* पूर ऐन भरात. पहाटे कडाक्याची थंडी, पारा कधी कधी शून्याजवळ. होड्या चालू, सखल रस्ते पाण्याखाली. दर सगळ्यांत जास्त.
*सप्टेंबर-ऑक्टोबर:* पाणी ओसरतं, उकाडा चढतो, प्राणी सर्वाधिक दिसतात.
*नोव्हेंबर:* पहिला पाऊस आला तर एका आठवड्यात सगळं बदलतं.

पूर दरवर्षी सारखा नसतो. २०१९ मध्ये तो इतका तोकडा होता की एरवी भरणाऱ्या वाटा कोरड्या राहिल्या आणि पाणघोडे चिखलात अडकले. पण पुराची चाल मंद असल्याचा एक फायदा आहे. मोहेंबोला पाण्याची पातळी नियमित मोजली जाते. एप्रिल-मे महिन्यांत तिथे काय नोंदलं गेलं, त्यावरून जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेला काय येणार याचा अंदाज आधीच मिळतो. कॅम्पवाल्याला विचारायचा प्रश्न हाच: यंदा मोहेंबोला पाणी किती आलंय?

## मोरेमीच्या आत आणि बाहेर

मोरेमी अभयारण्य १९६३ मध्ये घोषित झालं, बोत्स्वाना स्वतंत्र होण्याच्या तीन वर्षं आधी. ते सरकारनं लादलेलं नव्हतं. बेसुमार शिकारीनं प्राणी संपत चालल्याचं पाहून बातावाना लोकांनी आपल्याच मुलखातली जमीन त्यासाठी राखली. दिवंगत टोळीप्रमुख मोरेमी तिसरे यांचं नाव अभयारण्याला मिळालं. तेव्हा कारभार त्यांच्या पत्नीच्या हाती होता. ही गोष्ट अभिमानानं सांगितली जाते, आणि ती खरी आहे. मात्र या हद्दीत राहणाऱ्या सान लोकांना उठून बाहेर क्वाई नदीकाठी जावं लागलं, हेही खरं आहे. आज त्याच क्वाई गावाचा स्वतःचा ट्रस्ट आहे आणि शेजारच्या जंगलातल्या पर्यटनाचं उत्पन्न त्याच्याकडे येतं.

माणसाआधी या जंगलाची राखण एका माशीनं केली. त्सेत्से माशीमुळे गुरांना जीवघेणा रोग होत असे, म्हणून गुराखी या भागात शिरत नसत. या शतकाच्या सुरुवातीला विमानांतून फवारणी करून ती संपवण्यात आली. गुरं आणि रानम्हशी यांच्यामध्ये आता तारेचं लांबच लांब कुंपण आहे, कारण रानम्हशींकडून लाळ्या-खुरकत गुरांना लागते आणि बोत्स्वानाचं गोमांस युरोपात जातं. गाडीनं फिरणाऱ्याला हे कुंपण तपासणी नाक्यावर भेटतं: कच्चं मांस तिथे काढून घेतात, चपलांचे तळ औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात.

अभयारण्य सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचं आहे, पण त्रिभुज प्रदेश त्याहून पुष्कळ मोठा. हद्दीबाहेरची जमीन तुकडे पाडून भाडेपट्ट्यानं दिली जाते. काही तुकडे खासगी कंपन्यांकडे, काही गावांच्या ट्रस्टकडे. या तुकड्यांना तिथे कन्सेशन म्हणतात. मुक्काम आत करायचा की बाहेर, हा आखणीतला मोठा निर्णय, कारण नियम वेगळे आहेत. मोरेमीच्या आत सूर्योदय ते सूर्यास्त एवढंच फिरता येतं, आणि तेही रस्ता न सोडता. कन्सेशनमध्ये रात्री दिवा घेऊन गाडी काढता येते, बिबट्यामागे गवतात शिरता येतं, बंदूकधारी गाईडबरोबर पायी जाता येतं. प्राण्यांना दोन्ही हद्दी सारख्याच; मध्ये कुंपण नाही. म्हणून पैसे बेताचे असलेले अनुभवी लोक क्वाई गावाच्या जंगलात तंबू टाकतात आणि एक-दोन दिवस मोरेमीत चक्कर मारतात.

## वाळू, चिखल आणि बारा माणसांचं विमान

माउनहून गाडीनं जाता येतं. भाड्याच्या जीपवर तंबू बांधलेला मिळतो, रहदारी आपल्यासारखीच डावीकडून. पण गाडी चारही चाकांना जोर मिळणारी हवी, आणि चालवणाऱ्याला वाळूचं तंत्र माहीत हवं. घट्ट टायर सुट्या वाळूत चाकाखाली खड्डा करत खोल जातो. हवा कमी केली की टायर पसरतो, तोच भार जास्त जागेवर विभागला जातो आणि गाडी वर राहते. बाहेर डांबरी रस्त्यावर आलं की पुन्हा हवा भरायची, म्हणून पंप बरोबर ठेवायचा. मोरेमी आणि सावुतीमार्गे कसाने गावापर्यंत जाणार असाल तर मध्ये भरवशाचा पेट्रोल पंप नाही, आणि वाळूत गाडी एरवीपेक्षा खूप जास्त पेट्रोल पिते.

रस्ते वर्षातून दोनदा बिघडतात, आणि दोन वेगळ्या कारणांनी. जानेवारी-फेब्रुवारीत स्थानिक पावसानं मोपानेच्या रानातली चिकणमाती निसरडी होते. जुलैत आभाळ स्वच्छ असतं, पण अंगोलाचं पाणी सखल वाटांवर चढलेलं असतं. थर्ड ब्रिजसारख्या ठिकाणी लाकडी ओंडक्यांच्या पुलाआधी पाण्यातून गाडी काढावी लागते. खोली माहीत नसेल तर थांबून दुसरी गाडी येईपर्यंत वाट बघावी. आधी पायी उतरून पाणी चाचपायचा आपला घाटातला शहाणपणा इथे मगरींमुळे चालत नाही.

त्रिभुज प्रदेशाच्या आतल्या भागात रस्ताच नाही. तिथे माउनहून छोटं विमान जातं, पाच ते बारा प्रवाशांचं, आणि मातीच्या धावपट्टीवर उतरतं. त्याचा नियम ऐकून पहिल्यांदा सगळेच कुरकुरतात: सामान बहुधा वीस किलोंच्या आत, कॅमेऱ्यासकट, आणि तेही मऊ बॅगेत. कारणं दोन. सामान ठेवायची जागा विमानाच्या पोटाखाली असते, बुटकी आणि तिरपी. कडक सुटकेस तिच्यात वळत नाही, मऊ बॅग दाबून बसते. आणि माउन समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरच्या आसपास उंच आहे, दुपारची हवा तापलेली असते. तापलेली हवा विरळ होते, विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. धावपट्टी मात्र तेवढीच. वजन बेतानं धरलं तरच झाडांच्या आधी विमान उचलतं. बहुतेक कॅम्पमध्ये कपडे रोज धुऊन मिळतात, तेव्हा तीन जोड पुरे. जुलैत मात्र एक कानटोपी आणि जाड जाकीट हवंच. उघड्या गाडीत पहाटे सहाला बसल्यावर आफ्रिका गरम असते हा समज पहिल्याच दिवशी गळून पडतो.

## होडी कुठे चालते

मोकोरो ही इथली लांबट, अरुंद होडी. पूर्वी एका झाडाचं खोड कोरून करत, आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक फायबरची. नावाडी मागे उभा राहून न्गाशी नावाच्या लांब काठीनं तळाला रेटा देतो. तळाला काठी टेकायला हवी, म्हणून मोकोरो उथळ पाण्यातच चालते, आणि त्यातच शहाणपण आहे: पाणघोडे दिवसा खोल पाण्यात असतात. पण उथळ पूरमैदानात पाणी असतं ते पुरापुरतं. नोव्हेंबरात अनेक कॅम्पांच्या आसपास मोकोरो घालायला पाणीच नसतं. कॅम्प निवडताना ‘कायमच्या पाण्यावर आहे की मोसमी पाण्यावर’ हे विचारून घ्यावं. काकानाकाला वर्षभर पाणी असतं, पण तिथे बहुधा मोटारबोट. तिचा वेग आणि आवाज ज्याला नको, त्यानं आपली तारीख पुराशी जुळवावी.

## पिवळा ताप आणि मुंबईचा विमानतळ

माउनला हिवताप आहे, विशेषतः नोव्हेंबर ते जून. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं. पण घोळ होतो तो दुसऱ्याच रोगावरून. बोत्स्वानात पिवळा ताप नाही. मुंबईहून जाताना मात्र अनेकांचा मार्ग नैरोबी किंवा अदिस अबाबावरून असतो, आणि केनिया आणि इथिओपिया पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. परतताना भारतीय विमानतळावर लसीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

ही कडकपणाची हौस नाही. पिवळा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघर आहे; डेंग्यू पसरवतो तोच. नाही तो फक्त विषाणू. तो एका प्रवाशाच्या रक्तातून आला की पुढची सगळी व्यवस्था इथे तयारच आहे. म्हणून लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, आणि एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. जोहान्सबर्गला विमानतळाबाहेर मुक्काम करणार असाल तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा वेगळा लागतो, हेही इथेच सांगून टाकतो.

## किती रात्री, आणि कशाच्या आधी काय

ओकावांगो महाग आहे, आणि मुद्दाम महाग आहे. १९९० पासून बोत्स्वानाचं धोरणच आहे की पर्यटक थोडे यावेत आणि प्रत्येकानं जास्त पैसे द्यावेत. त्यामुळे गर्दी नाही, सिंहाभोवती वीस जिप्सींचं कोंडाळं नाही. पण विमानानंच जाता येणाऱ्या कॅम्पमध्ये ऐन मोसमात एका माणसाचं एका रात्रीचं भाडं हजार डॉलरच्या सहज पुढे जातं. यात जेवण, गाईड, फिरणं सगळं येतं, तरी रक्कम मोठीच. तंबू घेऊन स्वतः गाडीनं गेलात तर खर्च त्याच्या लहानशा हिश्श्यावर येतो. मात्र तिथल्या तंबूच्या जागांना कुंपण नाही. रात्री हत्ती शेजारून जातो, तरस भांडी पळवतो, आणि लहान मुलं बरोबर असतील तर हा पर्याय मी सुचवणार नाही.

रात्री मोजताना जागा कमी आणि मुक्काम जास्त ठेवावा. एका जागी तीन रात्रींपेक्षा कमी राहण्यात अर्थ नाही. पहिली दुपार पोचण्यात जाते आणि शेवटची सकाळ निघण्यात. दोनच जागा घ्याव्यात, एक पाण्याची आणि एक कोरड्या जमिनीची, कारण पाण्यातल्या बेटांवर सिंह-रानकुत्रे कमी दिसतात आणि कोरड्या भागात होडी नसते. कॅम्पची जागा आधी धरावी, जुलै-ऑगस्टसाठी वर्षभर आधी. मग माउनपासूनचं छोटं विमान किंवा जीप. मुंबईचं तिकीट सगळ्यांत शेवटी. शाकाहारी असाल, कांदा-लसूण खात नसाल, तर ते आरक्षण करतानाच लिहून कळवा. शिधा माउनहून ठरलेल्या दिवशी ट्रकनं किंवा त्याच छोट्या विमानानं येतो. आयत्या वेळी सांगितलंत तर आचारी कितीही भला असला तरी उकडलेले बटाटे आणि पाव यापलीकडे त्याच्या हातात फारसं काही नसतं.